नावाच्या जागी प्रश्नचिन्ह

एक्सेलमध्ये गावच्या पतसंस्थेच्या सभासदांची यादी करा. नावे मराठीत, युनिकोडमध्ये, काना-मात्रा तपासून टाईप केलेली. वरच्या कार्यालयाने मागितली म्हणून 'सेव्ह ॲज'मध्ये जा आणि 'सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड' हा प्रकार निवडा. पडद्यावर काहीच बदलत नाही, नावे होती तशीच दिसत राहतात. फाईल बंद करून पुन्हा उघडली की मग कळते. सभासद क्रमांक जागेवर असतात, रकमा असतात, तारखाही असतात. नावांच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हे. विठ्ठल असो, शेवंता असो की अब्दुल, ज्याच्या नावात जेवढी अक्षरे, मात्रा आणि हलन्त, तेवढी प्रश्नचिन्हे त्याच्या वाट्याला आलेली असतात.

हा नुसता दिसण्यातला बिघाड असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्या फाईलमध्ये प्रत्येक अक्षराच्या जागी आता ६३ हा आकडा लिहिलेला आहे. तो प्रश्नचिन्हाचा आकडा. 'व'च्या जागी ६३, 'श'च्या जागी ६३, सगळीकडे तोच. कोणत्या ६३ च्या मागे कोणते अक्षर होते हे जगातला कोणताही प्रोग्रॅम सांगू शकत नाही, कारण ती माहिती फाईलमध्ये उरलेलीच नाही. मूळ एक्सेल फाईल जपून ठेवली असेल तर ठीक. ती पुसली असेल, पेन ड्राईव्ह हरवला असेल किंवा काम करणारा कंत्राटी ऑपरेटर सोडून गेला असेल, तर ती नावे गेली.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. माहिती कोणत्या एन्कोडिंगमध्ये साठवली हा त्या माहितीचाच भाग आहे. चुकीच्या एन्कोडिंगमध्ये साठवणे म्हणजे नोंद नष्ट करणे, आणि ते कोणाच्या नकळत घडले म्हणून नुकसान कमी होत नाही. या प्रश्नचिन्हांना कंटाळून आपण मराठी माणसांनी जो उपाय शोधला आहे, म्हणजे सगळी माहिती रोमन लिपीत भरून मोकळे व्हायचे, तोही त्याच नुकसानीचा संथ प्रकार आहे.

आधी बिघाड नेमका काय आहे ते पाहू. संगणक अक्षरे ठेवत नाही, आकडे ठेवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे याचा करार म्हणजे एन्कोडिंग. युनिकोडने 'म'ला २३५० हा क्रमांक दिला आहे. यूटीएफ-८ या पद्धतीने तो फाईलमध्ये लिहिताना तीन बाइट लागतात: २२४, १६४ आणि १७४. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला करार माहीत असेल तर 'म' उमटतो. तो पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेला विंडोज-१२५२ हा तक्ता लावून वाचत असेल, तर त्याला तीन सुटी चिन्हे दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचे एक सर्वसाधारण चिन्ह आणि वर्तुळातला आर. दीर्घ वेलांटीचे बाइट २२४, १६५, १२८. त्यातल्या दुसऱ्याचा येन होतो, तिसऱ्याचा युरो. मराठी मजकुराच्या जागी येणारा तो ओळखीचा कचरा असा तयार होतो.

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे: 'फॉन्ट बिघडला'. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर खरोखरच फॉन्टचा प्रश्न असतो. माहिती शाबूत असते, ती रेखाटायला आकार नसतात. वर सांगितलेला कचरा दिसत असेल तर बाइट शाबूत असतात, वाचणारा चुकीचा तक्ता घेऊन बसलेला असतो. प्रश्नचिन्हे दिसत असतील तर बहुतेक वेळा काही शाबूत नसते. पहिल्यावर फॉन्ट बसवणे हा उपाय, दुसऱ्यावर फाईल योग्य तऱ्हेने उघडणे, आणि तिसऱ्यावर मूळ फाईल शोधणे. कार्यालयांमध्ये मात्र तिन्ही वेळा फॉन्टच नव्याने टाकला जातो. पहिली गोष्ट सोडली तर त्याने काही साधत नाही.

दुसऱ्या प्रकाराजवळ जरा थांबायला हवे, कारण तिथे वाचवता येण्यासारखी माहिती माणसांच्या हातून मरते. समजा, कोणी गूगल शीट्समधून यादी सीएसव्ही म्हणून उतरवून घेतली. ती यूटीएफ-८ मध्येच येते. पण तिच्यावर दोनदा क्लिक केले की अनेक संगणकांवर एक्सेल ती १२५२ च्या चष्म्यातून वाचते आणि पडदाभर कचरा दिसतो. या क्षणी फाईलला काहीही झालेले नाही. सेव्ह न करता ती बंद करावी, एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्यावे, एन्कोडिंगच्या चौकटीत ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावे. सगळी नावे परत येतात. प्रत्यक्षात माणूस घाबरतो, दोन-चार रकाने हलवून बघतो, आणि बंद करताना 'सेव्ह करू का' या प्रश्नाला 'हो' म्हणतो. कधी तोच कचरा यूटीएफ-८ म्हणून सेव्ह होतो. मग तीन बाइटांच्या 'म'चे सहा बाइट होतात आणि कचऱ्यावर कचऱ्याचा थर चढतो.

हे थर उलगडता येतात, पण नेहमी नाही, आणि त्याचे कारण देवनागरीच्या दृष्टीने फार दुर्दैवी आहे. १२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. ऱ्हस्व उकाराच्या मात्रेचा तिसरा बाइट १२९ आहे. हलन्ताचा १४१. 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४, 'झ'चा १५७. काही प्रोग्रॅम या रिकाम्या जागा तशाच पुढे नेतात, काही त्या गाळतात. गाळल्या की जोडाक्षरे आणि उकार जातात, बाकीचे शब्द अर्धवट उरतात. 'ठ'चा तिसरा बाइट १६०, म्हणजे १२५२ च्या हिशेबाने न तुटणारी मोकळी जागा. यादी 'साफ' करताना अशा मोकळ्या जागा साध्या करण्याची किंवा काढण्याची सवय सगळ्यांना असते. तेवढ्याने 'मराठी' या शब्दातला ठ जातो. 'भ'चा तिसरा बाइट १७३, तो पडद्यावर न दिसणारा संयोगचिन्हाचा प्रकार ठरतो. जे दिसतच नाही ते जपायचे कोणी? म्हणून कचरा दिसला की त्या फाईलला हात न लावणे, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा नियम मी मानतो.

हे भोग मराठीच्या वाट्याला का आले? रशियन, ग्रीक, थाई यांनाही रोमन लिपी नाही. पण विंडोजने जुन्या काळी त्यांना आठ बिटांचे स्वतंत्र तक्ते दिले होते. रशियनला १२५१, ग्रीकला १२५३, थाईला ८७४. रशियात रशियन मांडणीच्या संगणकावर कोणी साधी सीएसव्ही सेव्ह केली तर ती निदान त्या देशात, तशाच दुसऱ्या संगणकावर नीट उघडते. देवनागरीला विंडोजमध्ये असा तक्ता कधीच मिळाला नाही. विंडोज २००० मध्ये मराठी, हिंदी, कोकणी, संस्कृत आल्या त्या थेट युनिकोडमधून. जुना तक्ता म्हणून त्यांच्यापुढे शून्य लिहिलेले आहे. एका अर्थी ही पुढची उडी होती, आम्हाला मधली पायरी चढावी लागली नाही. पण जो प्रोग्रॅम अजून त्या मधल्या पायरीवर उभा आहे, त्याला मराठी ठेवायला जागाच नाही. भारतातल्या बहुतेक संगणकांवर इंग्रजीची मांडणी असते, तिचा तक्ता १२५२, आणि त्यात एकही देवनागरी अक्षर बसत नाही. म्हणून रशियन माणसाच्या हाती निदान जुळवून घेता येणारा गोंधळ येतो, आपल्या हाती ६३, ६३, ६३.

भारताने स्वतःचा तक्ता केला नव्हता असे नाही. इस्की हा आठ बिटांचा संकेत १९८८ मध्ये आला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक १३१९४ म्हणून नक्की झाला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे 'जिस्ट'चे काम त्याच्या पाठीशी होते. भारतीय लिप्यांची अक्षररचना एकाच मुशीतली आहे हे ओळखून सगळ्यांना एकच तक्ता लावण्याची त्यामागची कल्पना मला आजही फार उंचीची वाटते. युनिकोडमधला देवनागरीचा गट १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे. पण त्या काळात बाजाराला घाई छापण्याची होती. लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, शासकीय परिपत्रक कागदावर सुबक उमटले की काम झाले. म्हणून फॉन्टवाल्यांनी दुसरा रस्ता धरला: रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे, कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्ही-टीटी सुरेख यांनी नव्वदच्या दशकातली मराठी छपाई उभी केली. ते काम थोर होते आणि त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण साठवण म्हणून पाहिले तर त्या फाईलमध्ये मराठी नव्हती. तिथे रोमन अक्षरांची एक अर्थहीन माळ होती आणि एका विशिष्ट फॉन्टने ती मराठीसारखी रंगवली जात होती. प्रत्येक फॉन्टची माळ वेगळी. शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्या फॉन्टमध्ये नेता येत नाही.

केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे प्रमाण ठरवले. तोवर यूटीएफ-८ जुनी झाली होती. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावर ताटाखाली अंथरायच्या कागदावर तिचा आराखडा मांडला होता. जुन्या इंग्रजी फायलींना धक्का न लावता जगातल्या सगळ्या लिप्या एका पद्धतीत बसवणारी ती युक्ती होती. तिचा एक गुण इथे फार कामाचा आहे. यूटीएफ-८ मधल्या बाइटांची रचना इतकी काटेकोर आहे की दुसऱ्या कोणत्या तक्त्यात लिहिलेला, रोमनपलीकडची अक्षरे असलेला मजकूर योगायोगाने वैध यूटीएफ-८ ठरणे जवळजवळ अशक्य असते. फाईल तपासून ती यूटीएफ-८ आहे की नाही हे यंत्र क्षणात सांगू शकते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

एवढे सगळे हाताशी असताना प्रश्नचिन्हे टिकून आहेत ती सीएसव्ही या साध्या, गरीब आणि म्हणूनच सर्वत्र पोहोचलेल्या फाईल-प्रकारामुळे. एक्सेलची आजची एक्सएलएसएक्स फाईल आतून यूटीएफ-८ मध्येच लिहिलेली असते, तिच्यात मराठी सुखरूप असते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी, बस्स. मी कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे हे सांगायला तिच्यात जागाच नाही. एक पळवाट आहे: फाईलच्या अगदी आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट लिहायचे. एक्सेल ती खूण ओळखते आणि फाईल यूटीएफ-८ म्हणून उघडते. २०१६ च्या सुमारास एक्सेलमध्ये आलेला 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय हेच करतो. पण दुसरे काही प्रोग्रॅम त्या खुणेला पहिल्या रकान्याच्या नावाचा भाग समजतात, आणि मग 'नाव' हा रकाना समोर दिसत असून त्यांना सापडत नाही. तरीही निवड करायची झाली तर मी खुणेसकट सेव्ह करा असेच सांगेन. सापडत नसलेला रकाना शोधता येतो, गेलेले अक्षर शोधता येत नाही.

मला खरा आक्षेप आहे तो सेव्ह करतानाच्या मौनावर. सीएसव्ही सेव्ह करताना एक्सेल सूचना देते ती काही सुविधा गमावल्या जातील अशी. वाचणाऱ्याला वाटते, रंग जाईल, सूत्रे जातील. 'या फाईलमधली सगळी मराठी अक्षरे मी लिहू शकत नाही' असे ती सांगत नाही, आणि प्रोग्रॅमला ते त्या क्षणी कळलेले असते, कारण प्रश्नचिन्ह लिहिण्याचा निर्णय तोच घेत असतो. आपल्याकडे पोथ्या नकलून काढणारे लेखनिक अक्षर लागले नाही तर तेवढी जागा कोरी सोडत, आणि शेवटी, जसे दिसले तसे लिहिले, दोष माझा मानू नका, अशी कबुली देत. कोरी जागा पुढच्या वाचणाऱ्याला सांगते की इथे काही होते. अक्षर लिहिता येत नसेल तर थांबून विचारणे, एवढी किमान सभ्यता एखाद्या प्रोग्रॅमकडे मागणे जास्त नाही. लिब्रेऑफिससारखा मोफत प्रोग्रॅम सीएसव्ही सेव्ह करताना एन्कोडिंग विचारतो. म्हणजे हे अशक्य नाही, फक्त कोणाला तरी महत्त्वाचे वाटायला हवे.

आता त्या 'उपाया'कडे येतो. 'कटकट नको, नावे इंग्रजीतच टाका.' हे वाक्य मराठी कार्यालयांत, शाळांत, सोसायट्यांत इतक्या सहजपणे म्हटले जाते की त्यात काही सोडून दिले जात आहे हे जाणवतही नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. पत्र मराठीत, फलक मराठीत, टिपणी मराठीत. आणि ज्या तक्त्यावरून अनुदान ठरते, यादी लागते, प्रमाणपत्र छापले जाते, तो रोमन लिपीत. काळे आणि काले तिथे एक होतात. माने, मने यांच्यात भेद उरत नाही. न-ण, ल-ळ, त-ट, द-ड, ऱ्हस्व-दीर्घ हे सगळे भेद मिटवून ठेवलेला तक्ता हीच पुढे मूळ नोंद ठरते. मग प्रमाणपत्र मराठीत हवे म्हटल्यावर यंत्राकडून रोमनचे मराठी करून घेतात, आणि यंत्र अंदाज बांधते. माण तालुक्याचे 'मॅन' आणि पेणचे 'पेन' होण्यात यंत्राचा दोष नाही, त्याला दिलेल्या अक्षरांतून तेवढेच वाचता येते. सातबारावर नाव मराठीत, पासबुकावर रोमनमध्ये, आधारवर दोन्ही, आणि तिन्ही जुळवून दाखवण्याचा भार त्या नावाच्या माणसावर. तो बिचारा प्रतिज्ञापत्र करून आणतो. ज्याने अक्षर गाळले त्याला कोणी काही विचारत नाही.

लघुसंदेशाचा हिशेबही याच बाजूला ढकलतो. रोमनमध्ये एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीतले एक जरी आले तरी मर्यादा ७० वर येते. हजारो सभासदांना संदेश पाठवणाऱ्या संस्थेला हा खर्च दिसतो आणि तो मी नाकारत नाही. पण संदेश रोमनमध्ये पाठवणे आणि मूळ नोंद रोमनमध्ये ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी नोंदीवरून रोमन संदेश केव्हाही तयार करता येतो. उलटा प्रवास होत नाही. फाईलचा आकार तिप्पट होतो ही तक्रार तर आज ऐकूही नये. मोबाईलच्या एका छायाचित्राला जेवढी जागा लागते तेवढ्यात अख्ख्या गावाच्या नावांची यादी मावते.

यंत्रापुढे नावांनी मान तुकवण्याची गोष्ट आपल्यापुरती नाही, आणि तिचा जो सर्वांत बोलका दाखला आहे तो विज्ञानातला आहे. 'मार्च १', 'सेप्ट १' अशी संक्षिप्त नावे असलेली मानवी जनुके आहेत. एक्सेल त्यांना तारखा समजे आणि न विचारता बदलून टाकी. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात अशा चुका होत्या. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलली. 'मार्च १'चे 'मार्चएफ १' झाले, 'सेप्ट १'चे 'सेप्टिन १'. त्यानंतर तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की ज्यांच्या मागे प्रयोगशाळा आणि विद्यापीठे उभी होती, त्यांनीही आधी स्वतःची नावे बदलली आणि नंतर यंत्र बदलले. जनुकाला नवे नाव दिले तर त्याचे काही बिघडत नाही. माणसाच्या नावाला वारसा असतो, जमीन असते, जातीचा दाखला असतो. ते यंत्राच्या सोयीसाठी बदलायला आपण इतक्या लवकर तयार होऊ नये.

युनिकोडमध्ये साठवले की सगळे सुटले, असे मात्र मी म्हणणार नाही. 'ॲड.' आणि 'अॅड.' दिसायला सारखेच असले तरी आतून वेगळे आहेत. पहिल्यात 'ॲ' हे एकच अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. दुसऱ्यात 'अ' आणि वर चंद्र अशी दोन. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत 'ॲ'ला स्थान दिले, पण त्याआधीच्या सवयी आणि त्याआधीचे कीबोर्ड अजून वापरात आहेत. एकाच वकिलाचे नाव दोन तऱ्हांनी भरले की एक्सेलला ते दोन वकील वाटतात. 'ऱ्य'चेही तसेच. 'दऱ्या' लिहायला 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरता येते, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली यादी कोणी 'अदृश्य अक्षरे काढा' म्हणून साफ केली की दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्याचा आचार्य होतो, आणि गोऱ्हे आडनावाचा माणूस आपले नाव ओळखत नाही. हे प्रश्न खरे आहेत. पण ते सुटणारे आहेत, कारण माहिती शाबूत आहे. दोन रूपे एक करणारा छोटा प्रोग्रॅम एकदा लिहिला की काम होते. प्रश्नचिन्हांसाठी असा प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

जबाबदारी कोणाची? आज ती सगळी शेवटच्या माणसावर येऊन पडते. शाळेतला लिपिक, ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, पतसंस्थेतली डेटा एन्ट्री करणारी मुलगी. 'वरून माहिती मागवली आहे, आजच्या आज पाठवा' असा निरोप संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो. कोणत्या प्रकारात, कोणत्या एन्कोडिंगमध्ये, याचा त्यात उल्लेख नसतो. पोर्टल फाईल घेते, 'यशस्वीरीत्या अपलोड' असा हिरवा संदेश देते, आणि महिन्यांनी कोणीतरी प्रश्नचिन्हे छापलेले कार्ड हातात घेऊन उभा राहतो. तेव्हा बोट लिपिकाकडे दाखवले जाते. मला हे अन्यायाचे वाटते. त्याने मराठी बरोबर टाईप केले होते, सेव्हही केले होते. त्याला फसवले ते समोरच्या खिडकीतल्या पर्यायांनी, आणि त्याला सावध करू शकत होते ते पोर्टल गप्प बसले.

माहिती मागवणाऱ्याने मागण्याच्या पत्रातच एक वाक्य घालावे: फाईल एक्सएलएसएक्समध्ये किंवा 'सीएसव्ही यूटीएफ-८'मध्येच पाठवा. पोर्टलने फाईल घेण्याआधी ती वैध यूटीएफ-८ आहे का हे तपासावे. ती तपासणी किती सोपी आहे हे वर आलेच. नावाच्या रकान्यात ओळीने दोनपेक्षा जास्त प्रश्नचिन्हे असतील तर फाईल परत करावी, आणि परत करताना मराठीत सांगावे की अक्षरे गेली आहेत, मूळ फाईलमधून पुन्हा सेव्ह करा. मिळालेल्या फाईलमधली पहिली पाच नावे पाठवणाऱ्याला पडद्यावर दाखवून 'बरोबर आहेत का' असे विचारावे. ज्याची गावातल्या माणसांशी ओळख आहे त्याला एका नजरेत कळेल. या कामाला मोठा निधी लागत नाही. निविदेत दोन अटी लिहिणारा आणि चाचणीच्या वेळी त्या तपासणारा अधिकारी लागतो. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, त्या निमित्ताने ज्या समित्या बसतील त्यांनी शिलालेखांइतकाच या अटींचाही विचार करावा असे मला मनापासून वाटते. शिलालेखातली अक्षरे अजून वाचता येतात.

आणि लिपिकाने काय करावे? मूळ एक्सेल फाईल कधीही पुसू नये आणि तिच्यावरच सीएसव्ही सेव्ह करू नये, नकल काढून तिच्यावर करावी. सेव्ह केलेली सीएसव्ही एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघावी, कारण तिथे एक्सेल मध्ये येत नाही आणि फाईलमध्ये जे आहे तेच दिसते. अर्धे मिनिट लागते. खाते क्रमांकांचे रकाने आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावेत, नाहीतर सुरुवातीची शून्ये गळतात आणि पंधरा अंकांपुढचे आकडे शून्य होतात. तो वेगळा रोग आहे, पण तो येतो याच वाटेने.

यात सर्वांत निकडीची गोष्ट मात्र नव्या फायलींची नाही. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांत जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या याद्या, ठराव, सभासद नोंदवह्या, छोट्या नियतकालिकांचे अंक, साहित्य संस्थांच्या सूची अजून ठिकठिकाणच्या संगणकांत, सीडींवर, कपाटातल्या बंद पडत चाललेल्या डिस्कवर आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. पण परिवर्तकाला एक गोष्ट सांगावी लागते: मूळ फॉन्ट कोणता. फाईलमध्ये ते नेहमी लिहिलेले नसते, विशेषतः साध्या मजकुराच्या किंवा सीएसव्ही फाईलमध्ये तर नसतेच. ते माहीत आहे त्या वेळी टायपिंग करणाऱ्या माणसांना, आणि ती माणसे आता निवृत्त होत आहेत. प्रत्येक संस्थेने या वर्षी त्यांना बोलवावे, फायली उघडून दाखवाव्यात, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये फॉन्टचे नाव, कोणत्या प्रोग्रॅममध्ये काम केले ते आणि साधारण साल लिहिलेली एक फाईल ठेवावी. परिवर्तनाचा खर्च नंतर कधीही करता येईल. हे नाव मात्र आत्ताच लिहून घ्यायला हवे, आणि ती फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायला हवी.